झोपलेल्या केळीला पाणी

असोद्याच्या शालिग्रामभाऊंनी लाजेने मान खाली घातली, असं त्यांच्या गावात जाऊन सांगितलं तर लोक आधी हसतील. अहो, हा माणूस लाजणाऱ्यांतला नव्हेच. साठी उलटली तरी आवाज असा, की एका बांधावर बोलले तर तिसऱ्या बांधावरच्याने मान वर करावी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या केळीच्या बागांना पाणी दिलं. आधी पाटाने, मग ठिबकने. कोणाच्या बागेत पान पिवळं पडलं की शालिग्रामभाऊंना बोलावणं जायचं. ते यायचे, बुडातली माती मुठीत दाबायचे, नाकाशी धरायचे आणि निकाल द्यायचे, "तहान हाये हिले." बहुतेक वेळा निकाल बरोबर निघायचा. बरोबर निघाला की ते आणखी चार गावांत सांगून यायचे.

त्यांच्या वडिलांनी एकच नियम घालून दिला होता. केळ म्हणजे घरची लेकुरवाळी, तिच्याजवळून रिकाम्या हाताने जायचं नाही. हा नियम शालिग्रामभाऊंनी जन्मभर पाळला. लग्नाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा ते सकाळी बागेत पाण्याचं बारं देऊन आले होते, आणि त्यांची बायको झुंबरबाई ते अजून बोलून दाखवतात.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुसऱ्यांच्या बागा सुटल्या. पण दैव बघा, त्याच वर्षी धुळ्याच्या एका कॉलेजने यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक तुकडा जमीन संशोधनासाठी घेतला. तिथे राहून झाडं सांभाळायला केळीतला जाणता माणूस हवा होता. केळीतला जाणता म्हटल्यावर दुसरं नाव कोण घेणार? शालिग्रामभाऊ आणि झुंबरबाई तिथल्या दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेले.

संशोधन करणारी मुलगी धुळ्याची, ऋतिका. सत्तावीस वर्षांची, बारीक, उन्हात टोपी घालायची विसरणारी. महिन्यातून एकदा बसने यायची आणि दिवसभर मातीत बसायची. पहिल्याच दिवशी तिने शालिग्रामभाऊंना नीट समोर बसवून सगळं समजावलं.

"काका, आपली केळ किती पाणी पिते ते तुम्हाला काय सांगायचं. बोअर दरवर्षी खोल चाललेत. पण केळीच्या रानातल्या बहिणी आहेत ना, त्यांना कोण पाणी घालतं? तरी त्या उन्हाळा काढतात. कशा काढतात, तेच मला बघायचंय."

बहिणी तीन होत्या. एक आसामकडची, जाड खोडाची, पानावर मेणाचा थर. ती उन्हाळ्यात नुसती दात-ओठ आवळून उभी राहते. दुसरी दक्षिणेच्या घाटातली. दुपार झाली की ती पानाच्या दोन्ही बाजू खाली मिटून घेते आणि संध्याकाळी पुन्हा उघडते. तिसरी आपल्या सातपुड्याच्या कड्यांवरची रानकेळ. तिची तऱ्हा सगळ्यांत वेगळी. पावसाळा सरला की ती सगळी पानं टाकून देते, वरचं खोड सुकवते आणि सगळा जीव बुडाच्या कंदात नेऊन झोपून जाते. पुढच्या आषाढापर्यंत जमिनीवर तिचं फक्त एक बोडकं थोटूक दिसतं.

"आणि हिला पील येत नाही," ऋतिका म्हणाली.

शालिग्रामभाऊंना हे पटेना. केळ आणि तिच्या बुडाशी पील नाही? पिल्लंच नाहीत?

"फक्त बी. एकदा घड येतो, बी पडतं आणि झाड मरतं. ही सहा रोपं मी बियांपासून दोन वर्षं वाढवली आहेत काका. यातलं एक गेलं तर दुसरं लावायला माझ्याकडे काही नाही." तिने सहाही रोपांना लाल फीत बांधली. "लाल फीत म्हणजे दिवाळीपासून आषाढापर्यंत एक थेंब नाही. ही मेल्यासारखी दिसेल. मेलेली नसते. झोपलेली असते. सांभाळाल ना?"

"ताई, केळीबद्दल तुम्ही मले सांगता काय!" शालिग्रामभाऊ म्हणाले. तिथेच सगळं चुकलं होतं, पण तेव्हा दोघेही हसले.

कार्तिक लागला. आसामकडची उभी होती, घाटातली पानं मिटत-उघडत होती. त्या दोघींकडे शालिग्रामभाऊ ढुंकून बघत नसत, कारण त्यांना पानं होती. रानकेळीची मात्र पानं एकेक करून लोंबली, करपली, गळाली. खोड आतून पोकळ झालं आणि एके सकाळी वाऱ्याने आडवं पडलं. चाळीस वर्षांत आडवं पडलेलं खोड त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पण ते ज्या बागांत पाहिलं, त्या बागांच्या मालकांना त्यांनी स्वतः चारचौघांत झापलं होतं.

शेजारच्या शेतात कापूस वेचायला भिकुबाई यायची. जिभेला हाड नसलेली बाई. कुंपणापाशी थांबून तिने हाक मारली.

"काय व झुंबरअक्का, शालिग्रामभाऊच्या हातानं केळ वायली? आता जगबुडीच व्हईल!"

"ते तसंच राहते म्हने," झुंबरबाई म्हणाल्या. "झोपली हाये ती."

"झोपली! बरी झोपते बाप्पा. माह्या घरचं मानूसबी अशीच झोप काढते."

वेचणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. शालिग्रामभाऊ आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं.  बाहेर येऊन त्यांनी वाळलेली खोडं उचलली आणि कुंपणापासून लांब नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी हंडा भरला.

आता याला दया म्हणायचं तर म्हणा. दया होतीच. त्या बोडक्या थोटकांजवळून रिकाम्या हाताने जाताना त्यांना खरंच कसंतरी व्हायचं. पण मी तर म्हणेन, अर्धी दया आणि अर्धी फुशारकी. सबंध जिल्ह्यात केळ जाणणारा माणूस आपण, आणि आपल्या दारात केळ वाळते म्हणजे काय? शिकलेल्या पोरीला पुस्तकातलं ठाऊक, मातीतलं काय ठाऊक! दोन हंडे ओतले तर कोणाचं काय जातं?

एकदा सोडलेलं पाणी मग थांबेना. दर चौथ्या दिवशी दोन हंडे. ऋतिकाने त्यांना रोज सकाळी रोपांचा फोटो मोबाइलवर पाठवायला सांगितलं होतं. ओली माती फोटोत काळी दिसते. म्हणून ते आधी बांधावरची कोरडी माती ओंजळीने आणून वर पसरायचे, हाताने सारखी करायचे आणि मग फोटो काढायचे. ऋतिका यायच्या आधी आठ दिवस पाणी बंद. ती माती तपासायचं यंत्र घेऊन यायची ना! बघा, नियम वडिलांचा, पण माती पसरायची अक्कल मात्र स्वतःची.

झुंबरबाईंनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा हंड्याला हात घालून म्हणाल्या, "तिनं नको म्हनतलं हाये ना तुमाले? परकी पोर इस्वासानं ठेवते, आन तुम्ही हे काय करू राह्यले?"

"तू चूप राय. झाड जगलं म्हंजे तीच नाव काढीन."

आणि झालंही तसंच, तेच वाईट झालं. माघात एका थोटकाने मधोमध हिरवं पान काढलं. बोटभर, मग वीतभर. ऋतिकाने फोटो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी बसने धावत आली. गुडघे टेकून त्या पानासमोर बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"काका, हे कुठेच लिहिलेलं नाही! ऐन कोरड्यात हिने पान काढलं. म्हणजे ही नुसती झोपत नाही, आतलं पाणी राखून जागीसुद्धा होते. खाली थोडी ओल पण दाखवतंय यंत्र. कंद ओल धरून ठेवत असणार. तुम्हाला कळतंय का काय झालंय?"

शालिग्रामभाऊंना कळत होतं.  तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पोरीचा चेहरा इतका फुलला होता, की त्यांच्याने सांगवेना. मनात म्हणाले, आज नको, उद्या सांगू. आज-उद्या करता करता फाल्गुन आला.

फाल्गुनात धुळ्याला कॉलेजात मोठं चर्चासत्र होतं. ऋतिका तिथे हे सगळं मांडणार होती. ज्यांच्या हाताखाली ती संशोधन करत होती, त्या लीलाधर सरांचा स्वतः फोन आला, "शालिग्रामभाऊ, तुम्ही आलंच पाहिजे." नाही म्हणायला त्यांनी गुडघ्यांचं कारण काढलं, तर सर म्हणाले, मी गाडी पाठवतो. मग गाडी नको म्हणून ते मुकाट्याने जळगावमार्गे बसने गेले. झुंबरबाईंनी धोतर धुऊन कडक करून दिलं होतं. 

मोठं सभागृह. पडद्यावर त्या पानाचा फोटो, घराच्या दाराएवढा. तीच माती, जी त्यांनी स्वतःच्या ओंजळीने पसरली होती. एका ठिकाणी तर बोटांचे ओरखडे दिसत होते. शालिग्रामभाऊंना वाटलं, आता कोणीतरी उठेल आणि विचारेल. कोणी उठलं नाही. सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मग लीलाधर सर उठले आणि म्हणाले, असं संशोधन खोलीत बसून होत नाही, मातीतली इमानदार माणसं लागतात. त्यांनी शालिग्रामभाऊंना वर बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"काका, दोन शब्द बोला," ऋतिका म्हणाली, आणि माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

सांगायची याहून मोठी वेळ कोणती? पण समोर तीनशे माणसं. शालिग्रामभाऊंचा तो बांध ओलांडणारा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"ताईनं सांगतलं तसं केलं," ते म्हणाले. "येक थेंब पानी देल्लं नही."

टाळ्या पडल्या. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, पण ती घेत नाही. माणसाला खाली उतरून खुर्चीत बसावं लागतं, आणि वर चहाही प्यावा लागतो. परतीच्या बसमध्ये त्यांनी शाल पिशवीत अगदी तळाशी कोंबली. शेजारच्या माणसाने नारळाकडे बघून विचारलं, "सत्कार वाटतं?" त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी पोचले तेव्हा झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता ते रोपांकडे गेले. ते हिरवं पान मधूनच वाकलं होतं. त्यांनी थोटकाला हात लावला, तर बोट आत गेलं. हाताला वास आला. केळीच्या माणसाला हा कुजका वास शिकवावा लागत नाही. ते पटकन खाली बसले आणि दुसऱ्या रोपाची माती उकरली. कंद पिळला तर पाणी गळावं असा पचपचीत. तिसरा तसाच. चौथा, पाचवाही. काळ्या मातीत पाणी मुरून राहिलं होतं. पान नसलेलं झाड पाणी ओढणार कशाने? ज्या कंदात तिने सगळा जीव नेऊन ठेवला होता, तिथेच तो कुजला होता. कड्यावरच्या दगडांत ही केळ शंभर उन्हाळे काढत आली असेल. तिला कोणी पाणी दिलं नाही म्हणून ती जगली. शालिग्रामभाऊंनी दिलं, आणि मारली.

ते तिथेच मातीत बसून रडले. झुंबरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मीनं मारली व," ते म्हणाले.

"मले काय सांगता? जिले सांगायचं तिले सांगा."

त्यांनी फोन लावला. ऋतिका अजून आनंदातच होती. येत्या सोमवारी लेख पाठवायचा होता, परदेशातलं मोठं मासिक होतं. त्याच्यावर तिची पदवी, पुढचं सगळं अवलंबून होतं. ती तेच भरभरून सांगत होती.

"ताई, कंद कुजले. पाच."

 मग ती हळूच म्हणाली, "रोग पडला असेल काका. कंदकूज असते ना. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचा काय दोष? पानाची नोंद तर आपल्याकडे आहेच. लेख जाईल."

बघा, दार उघडं होतं. नुसतं "हो ताई" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. शाल राहिली असती, नाव राहिलं असतं, भिकुबाईला बोलायला जागा राहिली नसती. सोमवारी लेख गेला असता. मग कुठल्यातरी गावच्या कोणीतरी त्या लेखावर विसंबून रानकेळी लावल्या असत्या, पान निघायची वाट बघितली असती, आणि ते निघालं नसतं तेव्हा लोकांनी ऋतिकाला खोटारडी म्हटलं असतं. शालिग्रामभाऊंना नाही. तिला.

"ताई, पानी मीनं देल्लं," ते म्हणाले. "दिवाळी सरल्यापासून."

फोन बंद झाला.

ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. टोपी नव्हती. ती तडक उकरलेल्या खड्ड्यांपाशी गेली आणि वही उघडून बसली. शालिग्रामभाऊ समोर उभे राहिले, हात जोडून नव्हे, पण तसेच.

"किती?"

"दर चौथ्या दिशी दोन हंडे. पाची रोपाईले मिळून."

"मी यायचे तेव्हा माती कोरडी कशी असायची?"

"आठ दिस आधी बंद करत व्हतो."

"आणि रोजचे फोटो?"

त्यांनी ओंजळ करून दाखवली. बांधावरून माती आणायची, अशी पसरायची.  ऋतिका त्या हातांकडे बघत राहिली. नेहमी शुद्ध बोलणारी पोर, पण तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"काका, असं काबर करं तुम्ही?"

दया आली म्हणून, असं ते सांगू शकले असते. अर्धं खरंही होतं.

"लोकं हासतीन म्हनून," ते म्हणाले. "शालिग्रामच्या हातानं केळ वायली म्हनतीन म्हनून."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांनी पुढे कितीदा झुंबरबाईंना सांगितलं. ती म्हणाली, "लेख जाणार नाही. सरांना मी आजच सांगते. चर्चासत्रात होते त्या सगळ्यांनाही कळवावं लागेल. मी सांगीन की देखरेखीत माझी चूक झाली, वारंवार यायला हवं होतं. तुमचं नाव यायची गरज नाही."

शालिग्रामभाऊंना क्षणभर हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा आदल्या दिवशीच्या टाळ्यांपेक्षाही जास्त लाज वाटली. पोरीची दोन वर्षं आपण कुजवली, आणि आता तिनेच आपलं तोंड झाकायचं?

"नही ताई. आभारात माह्यं नाव टाकलं होतं ना तुम्ही? ते काढा. आन पानी कोनं देल्लं ते लिहाल, तिथं घाला. पुरं नाव. गावासकट."

ऋतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने लिहिलं, आणि त्यांनी सांगितलं म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवलं. "लाल फितीच्या पाच रोपांना पाणी शालिग्रामभाऊ, राहणार असोदा, यांनी दिले. पाचही कंद कुजले." झुंबरबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण आत जाऊन ऋतिकासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

वाचता वाचता ऋतिका थांबली. "पाच? सहावं कुठंय?"

सहावं कोपऱ्यात दगडाजवळ होतं. त्याचं थोटूकसुद्धा उरलं नव्हतं, नुसती लाल फीत मातीत पडली होती. ऋतिकाने बोटांनीच माती बाजूला केली. वीतभर खाली कंद लागला. तिने तो दाबला. टणक होता. नखाने साल ओरबाडली तर आतून पांढराशुभ्र. तशीच वाकून, मागे न बघता तिने विचारलं.

"याला पाणी नाही दिलं?"

"नही."

"का?"

शालिग्रामभाऊंना वाटलं, या एकाला तरी काही दुसरं कारण सांगता यावं. पण दुसरं नव्हतं.

"ते मेलं असं समजलो मी," ते म्हणाले. "म्हनून त्याच्या वाटेले गेलो नही. हेबी लिव्हा."